वर्गाबाहेरून पदवीकडे : अमेरिकेतील ‘क्लेप’ परीक्षा आणि वंचितांचा अभ्यास

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यात निकाल दिला आणि महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला, त्याच न्यायालयाने शैक्षणिक कर्ज अंशतः माफ करण्याची बायडेन सरकारची योजना रद्द केली. पुढे ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने आलेल्या कायद्याने पालकांना मुलांच्या पदवीसाठी मिळणाऱ्या सरकारी कर्जावर मर्यादा घातली. वर्षाला २० हजार डॉलर आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलर, त्यापेक्षा अधिक नाही. अंमलबजावणीची तारीख १ जुलै २०२६. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांचे पालक या कर्जावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होते, हे सर्वश्रुत आहे.

दोन वर्षांत तीन दारे अरुंद झाली. त्यातही कर्जाची गोष्ट समजून घेतली पाहिजे. ब्रुकिंग्ज या संस्थेच्या २०१६ च्या अहवालानुसार पदवीनंतर चार वर्षांनी कृष्णवर्णीय पदवीधराच्या डोक्यावर सरासरी सुमारे ५३ हजार डॉलर कर्ज होते, तर गोऱ्या पदवीधराच्या डोक्यावर सुमारे २८ हजार. पदवी तीच आणि कागदही तोच, पण त्याची किंमत जवळपास दुप्पट! ज्याच्या बापाच्या नावावर घर नाही, जमीन नाही, त्याला शिक्षण नेहमीच महाग पडते. हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी जे दार अजून कोणी बंद केलेले नाही, त्याचा विचार करणे हे शहाणपणाचे ठरते. असे एक दार अमेरिकेत १९६७ पासून उघडे आहे. त्याचे नाव ‘कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम’, म्हणजेच ‘क्लेप’. वर्गात न बसता फक्त परीक्षा द्यायची आणि त्या विषयाचे क्रेडिट मिळवायचे, अशी ही व्यवस्था आहे. आपली अनेक मुले-मुली आज अमेरिकेत शिकत आहेत, कित्येक कुटुंबे तेथे स्थायिक झाली आहेत. त्यांना तर ही माहिती हवीच. पण या विषयात त्याहून मोठा एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला आपण ‘हुशारी’ म्हणतो ती मुळात असते काय आणि ती कोणाकडे का साठते, हा तो प्रश्न.

हिशेब साधा आहे

अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० क्रेडिट लागतात. एका सत्रात आठवड्याला तीन तास चालणारा विषय म्हणजे तीन क्रेडिट. कॉलेज बोर्डाच्याच आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये कम्युनिटी कॉलेजची वर्षाची सरासरी फी सुमारे ४,०५० डॉलर, राज्याच्या विद्यापीठात त्याच राज्यातील विद्यार्थ्याला ११,६१० डॉलर आणि खासगी संस्थेत ४३,३५० डॉलर होती. वर्षाला ३० क्रेडिट धरले तर तीन क्रेडिटचा एक विषय अनुक्रमे चारशे, साडेअकराशे आणि चार हजार तीनशे डॉलरच्या आसपास पडतो. क्लेपच्या एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत आहे. परीक्षा केंद्र आपले थोडे शुल्क वेगळे घेते. म्हणजे दहा परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याचे ३० क्रेडिट, म्हणजे एक अख्खे वर्ष वाचते. फीसोबत त्या वर्षाचे घरभाडेही वाचते आणि नोकरीला लागण्याचा दिवस एका वर्षाने जवळ येतो.

एकूण ३४ विषयांच्या परीक्षा आहेत. इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गणित, जीवशास्त्र, लेखाकर्म, भाषा असे हे विषय. परीक्षा संगणकावर, बहुतेक विषयांत वेळ नव्वद मिनिटे आणि प्रश्न मुख्यतः पर्यायी. गुण २० ते ८० या मोजपट्टीवर मिळतात आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावे अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. २,९०० हून अधिक महाविद्यालये हे क्रेडिट मानतात.

ही व्यवस्था कोणाच्या औदार्यातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात लाखो तरुण शाळा-कॉलेज सोडून सैन्यात गेले. त्यांनी तेथे जे शिकले त्याची मोजदाद कशी करायची, हा प्रश्न पडला आणि १९४२ साली शालान्त दर्जाची ‘जीईडी’ ही परीक्षा सैनिकांसाठी तयार झाली. माणूस कोठे शिकला यापेक्षा काय शिकला हे महत्त्वाचे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. साठ-सत्तरच्या दशकात कामगार, गृहिणी, प्रौढ माणसे कॉलेजचा दरवाजा ठोठावू लागली, तेव्हा हेच तत्त्व पदवीपर्यंत पोहोचले. न्यू जर्सीतील थॉमस एडिसन आणि कनेक्टिकटमधील चार्टर ओक ही महाविद्यालये त्याच काळात, अशाच माणसांना पदवी मिळावी म्हणून उभी राहिली.

दार उघडे, पण पाटी कोण वाचणार?

मग अडचण कोठे आहे? क्लेपचा फायदा सैन्यातील जवान घेतात, कारण त्यांची पहिल्या प्रयत्नाची फी सरकार भरते आणि छावणीत त्यांना सल्ला देणारा माणूस असतो. घरीच शिकवल्या जाणाऱ्या मुलांचे पालक त्याचा फायदा घेतात, कारण त्यांची एकमेकांना माहिती देणारी मंडळे आहेत. परंतु दोन पाळ्यांत काम करणारी एकटी आई किंवा घरातून पहिल्यांदाच कॉलेजला गेलेला मुलगा, ज्यांच्यासाठी हे दार खरोखर उपयोगाचे, त्यांच्यापर्यंत बातमीच पोहोचत नाही. ‘मॉडर्न स्टेट्स’ नावाची ना-नफा संस्था या विषयांचे अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत शिकवते आणि अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला परीक्षा फीचे व्हाउचरही देते. पण ही संस्था आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते व्हाउचर मिळते.

येथेच खरी मेख आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना परीक्षेची रीत जेवणाच्या ताटावर कळते. कोणता धडा महत्त्वाचा, कोणता सोडला तरी चालतो, जुने प्रश्न कोठे मिळतात, कोणाला विचारायचे, हे सारे त्यांना आयते मिळते आणि त्यालाच पुढे ‘मेरिट’ असे नाव दिले जाते. आपला विद्यार्थी मात्र पुस्तक पहिल्या पानापासून उघडतो, रात्र-रात्र जागतो, ओळींखाली रेघा मारतो आणि शेवटी पाच गुणांनी मागे राहतो. मग तोच स्वतःला म्हणतो, ‘आपले डोकेच कमी.’ नाही! त्याला अभ्यास करायला सांगितले गेले, पण अभ्यास कसा करायचा हे कोणी सांगितले नाही. म्हणून ती रीत येथे सविस्तर मांडत आहे.

पहिले काम चौकशीचे

पुस्तकाला हात लावण्याआधी आपल्या कॉलेजचे नियम लेखी मिळवावेत. कोणत्या परीक्षा मानल्या जातात, किती गुण लागतात, मिळणारे क्रेडिट मुख्य विषयात धरतात की केवळ ऐच्छिक विषयात, जास्तीत जास्त किती क्रेडिट असे घेता येतात, या चारही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कॉलेजात वेगळी असतात. नामांकित आणि श्रीमंत खासगी विद्यापीठे बहुधा हे क्रेडिट मानतच नाहीत. हे न विचारता सहा महिने अभ्यास केला आणि क्रेडिट भलत्याच खात्यात पडले, तर सारे कष्ट वाया. तसेच पुढे ज्या विषयावर वरचे विषय उभे राहणार आहेत, उदाहरणार्थ अभियांत्रिकीला जाणाऱ्याचे गणित, तो विषय परीक्षेने उरकू नये. तो वर्गातच शिकावा. पदवीसाठी सक्तीचे पण आपल्या मार्गावर नसलेले विषय या परीक्षांतून संपवावेत.

दुसरे काम आराखड्याचे

प्रत्येक परीक्षेचा अधिकृत आराखडा प्रसिद्ध असतो आणि त्यात कोणत्या भागावर किती टक्के प्रश्न येतील हे स्पष्ट दिलेले असते. अमेरिकेच्या इतिहासाच्या पहिल्या परीक्षेचे उदाहरण घेऊ. या परीक्षेची मर्यादा १८७७ पर्यंत आहे. त्यात १५०० ते १७८९ या जवळजवळ तीनशे वर्षांवर सुमारे ३० टक्के प्रश्न असतात आणि १७९० ते १८७७ या सत्त्याऐंशी वर्षांवर ७० टक्के! आता जो विद्यार्थी कोलंबसापासून सुरुवात करून राज्यघटनेपर्यंत येता येता थकतो, त्याची मेहनत कितीही असो, त्याने तीस टक्क्यांचाच अभ्यास केलेला असतो. आणि त्या सत्तर टक्क्यांत इतर विषयांसोबत काय येते? गुलामगिरीचा विस्तार, तिच्याविरुद्धची चळवळ, यादवी युद्ध, गुलामांची मुक्ती आणि नंतरची पुनर्रचना. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा इतिहास हा या परीक्षेचा एक महत्त्वाचा भाग आहे. १८७७ ला परीक्षा का थांबते? कारण त्या वर्षी दक्षिणेतून उत्तरेचे सैन्य मागे घेतले गेले आणि मुक्त झालेल्यांना पुन्हा त्यांच्या जुन्या मालकांच्या हवाली करण्यात आले. हे कारण ज्याला समजले त्याला ती सनावळ पाठ करावी लागत नाही.

आराखडा हाती आल्यावर एक सराव परीक्षा लगेच द्यावी, काही न वाचता. गुण कमी पडतील, पडू द्यावेत. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे त्या दीड तासात कळते. जे येते त्यावर पुन्हा वेळ घालवणे ही गरीब विद्यार्थ्याला न परवडणारी चैन आहे. नोकरी करणाऱ्याकडे दिवसाला तास-दीड तासच असतो. तो तास जे येत नाही त्यावरच खर्च झाला पाहिजे.

तिसरे काम पुस्तक मिटण्याचे

आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, अभ्यास म्हणजे वाचन आणि पुन्हा वाचन असाच समज आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटे झाले. आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के लक्षात होते, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचल्याने ‘मला येते’ असे वाटते. मिटून आठवल्याने ते खरोखर येते. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा रेघा मारणे आणि पुन्हा वाचणे या तळाला गेल्या. स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास अंतरा-अंतराने करणे या दोन वर राहिल्या.

म्हणून एक धडा वाचावा, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग उघडून काय सुटले ते पाहावे. सुटलेले मुद्दे छोट्या कार्डांवर घ्यावेत. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. ते बसमध्ये, कामाच्या सुट्टीत काढून पाहावेत : दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. रविवारी सलग आठ तास बसण्यापेक्षा आठवड्यात आठ वेळा एक-एक तास बसणे अधिक टिकते. राबणाऱ्या माणसाला वेळ तुकड्या-तुकड्यांनी मिळतो, ही त्याची अडचण समजली जाते. पण या पद्धतीत तेच त्याचे बळ होते.

परीक्षेच्या दिवसाचेही गणित आहे. इतिहासाच्या या परीक्षेत नव्वद मिनिटांत सुमारे १२० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. अडलेला प्रश्न खूण करून पुढे जावे आणि शेवटी परत यावे. नापास झाल्यास तीच परीक्षा तीन महिन्यांनी पुन्हा देता येते. अपयश आले तर त्याचा डाग लागत नाही, फक्त तीन महिने जातात. आणि एक परीक्षा झाली की तिच्या शेजारचा विषय लगेच घ्यावा. सामान्य मानसशास्त्रानंतर शैक्षणिक मानसशास्त्र, समग्रलक्षी अर्थशास्त्रानंतर सूक्ष्मलक्षी. तयार झालेली जमीन पडीक ठेवू नये.

चौथे आणि सर्वात मोठे काम : एकत्र बसणे

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी गणितात मोठ्या संख्येने नापास होत होते. प्राध्यापकांकडे कारणे तयार होती. म्हणे यांना जिद्द नाही, यांची पूर्वतयारी कच्ची, यांच्या घरी शिक्षणाचे वातावरण नाही. ही वाक्ये आपण येथे किती वेळा ऐकली आहेत! युरी ट्रीझमन या तरुण संशोधकाने ती मानली नाहीत. त्याने वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी-अमेरिकन विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्यासोबत राहून पाहिले. ती सारी कारणे खोटी निघाली. कृष्णवर्णीय मुले मेहनती होती, सांगितलेला अभ्यास इमानाने करत होती, पण एकटी बसून. अडले तर विचारायला कोणी नाही आणि आपली चूक चूक आहे हे परीक्षेतच कळायचे. चिनी मुले आधी स्वतः अभ्यास करून मग एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत, सोबत जेवत.

ट्रीझमनने मग कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गट बांधले. त्यांना ‘कच्चे’ म्हणून सोपी शिकवणी दिली नाही, उलट अवघड गणिते दिली आणि ती एकत्र सोडवायला लावली. निकाल पालटला. या गटांतील मुलांनी गटाबाहेरच्या मुलांना मागे टाकले. मुलांचे डोके तेच होते, अभ्यासक्रम तोच होता. फक्त त्यांचा एकटेपणा गेला.

क्लेपच्या परीक्षार्थीला वर्ग नसतो, शिक्षक नसतो, सोबती नसतो. ही त्या पद्धतीची सर्वात मोठी उणीव आहे आणि ती गटानेच भरून निघते. चार माणसे एकाच परीक्षेला बसतील, आठवड्यातून एकदा जमतील, एकमेकांना प्रश्न विचारतील, तर बाजारात ‘दोन दिवसांत पास व्हा’ म्हणून विकली जाणारी मार्गदर्शके घेण्याची गरज उरत नाही. कृष्णवर्णीयांची चर्च, वस्तीतील वाचनालये, कामगार संघटना यांनी हे काम हाती घेतले तर हे दार खऱ्या अर्थाने उघडेल.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, हे तर गरिबांना स्वस्तातले शिक्षण देणे झाले. श्रीमंतांच्या मुलांना प्राध्यापकांसमोर चर्चा आणि गरिबांच्या मुलांना पर्यायी प्रश्न! आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. कोलंबियात बाबासाहेबांना सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. ते काम कोणतीही नव्वद मिनिटांची परीक्षा करू शकली नसती. परंतु त्याच बाबासाहेबांना शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, हेही आपण विसरता कामा नये. गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण बुद्धीअभावी तुटत नाही. पैसा आणि वेळ संपला की तुटते. म्हणून या परीक्षांनी वर्ग टाळायचा नाही. सक्तीचे विषय त्यांतून उरकून उरलेला पैसा आणि वेळ ज्या वर्गात खरोखर शिकायचे आहे त्या वर्गासाठी राखायचा. आणि शासनाने ही व्यवस्था पुढे करून महाविद्यालयांचा निधी कापायला सुरुवात केली, तर मात्र विरोधच केला पाहिजे.

आपल्याकडची गोष्ट

हा आक्षेप आपल्याला उद्या आपल्याच दारात भेटणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने क्रेडिटची भाषा भारतात आणली. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिट साठवण्याच्या ‘अकॅडमिक बँके’चे नियम काढले आणि त्याच वर्षी ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेतून ४० टक्क्यांपर्यंत विषय घेण्याची मुभा दिली. एक वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही झाली. ही सोय कोणासाठी शिडी ठरेल आणि कोणासाठी बाहेरचा रस्ता? ज्याला रीत माहीत आहे तो क्रेडिट जोडत वर चढेल. ज्याला माहीत नाही तो पहिल्याच वर्षी प्रमाणपत्र घेऊन घरी बसेल आणि आकडेवारीत तो ‘यशस्वी’ दिसेल!

१९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले गेले. विद्यार्थ्याने कॉलेजच्या वेळेप्रमाणे जगावे असा हट्ट बाबासाहेबांनी धरला नाही. कॉलेजनेच राबणाऱ्यांची वेळ पाळली. त्याच १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतील साम्याकडे लक्ष वेधले होते. ते साम्य अजून संपलेले नाही.

आपल्या बुद्धविहारांत, वस्त्यांतील अभ्यासिकांत आज शेकडो तरुण स्पर्धा परीक्षांसाठी बसतात. बहुतेक जण एकाच खोलीत बसून एकेकटे वाचतात. खोली एक आहे, पण गट नाही. त्या टेबलांवर आठवड्यातून एक संध्याकाळ पुस्तके मिटून एकमेकांना प्रश्न विचारले जावेत. भिंतीवर विद्यापीठाचे क्रेडिटचे नियम मराठीत लावलेले असावेत. ज्याने एक परीक्षा पार केली त्याने पुढच्या चौघांना ती समजावून द्यावी. अमेरिकेत गेलेल्या आपल्या बांधवांनी तेथील नव्या विद्यार्थ्यांना क्लेपचे नियम पहिल्याच महिन्यात सांगावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. वरच्यांच्या घरात जी रीत जेवणाच्या ताटावर मिळते ती आपण अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवायची आहे. मग गुणवत्ता कोणाकडे साठली आहे, हा प्रश्न विचारणाऱ्यांना निकालच उत्तर देईल.